केळीच्या चिकातले हत्ती

जळगावात माझं बोर्ड रंगवायचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाइकाने भावावरून वाद घातला तर मला मजाच यायची. रंगावरून, अक्षराच्या उंचीवरून, द्यायच्या दिवसावरून घातला तरी चालायचं. पण कामाच्या सफाईवरून कोणी बोललं की माझं डोकं फिरायचं. एका कापडवाल्याने तयार बोर्डावर बोट टेकवून विचारलं, "इथे जरा फिसकटलंय का हो?" ती माशीची घाण होती. मी ती नखाने खरवडली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि बोर्ड उचलून परत आत नेला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः चहा घेऊन आला, तरी दुपारपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

बोर्डही तसेच असायचे. गेरूत भिजवलेला दोरा ताणून मारलेल्या रेघा, पट्टीने आखलेली अक्षरं, आणि कडा अशा की सुरीने कापल्यासारख्या. शेजारचा सायकलवाला म्हणायचा, "तुझं अक्षर हाताचं वाटतच नाही. छापखान्यातून आल्यासारखं वाटतं." तो चेष्टेने म्हणायचा. मी कौतुक समजून घ्यायचो.

ही सफाई मी जन्मतः घेऊन आलो नव्हतो. ती कुठून आली ते सांगायला हवं.

माझं गाव शिंदखेड्याकडचं. शिकायला मी धुळ्याला मावशीकडे राहिलो. तिथल्या हायस्कुलात चित्रकलेचे जे सर होते, त्यांचा शर्ट पांढराशुभ्र असायचा आणि बाहीचं बटण मनगटावर लावलेलं असायचं, रंगाच्या तासालासुद्धा. आमच्या हातात रंगाचे वाडगे, आणि ते बाकांमधून असे फिरायचे की त्यांच्या कपड्याला थेंब लागत नसे. एकदा त्यांनी आठवणीतून बाजाराचं चित्र काढायला सांगितलं. मी आमच्याकडचा मिरचीचा बाजार काढला. लाल मिरच्यांचे ढीग, गोण्या, बैलगाड्या. एकेक मिरची ब्रशने काढत बसलो असतो तर तास संपला असता, म्हणून बोट रंगात बुडवून ठसे मारत गेलो. पाणी जास्त झालं. ढिगांचा लाल रंग ओघळून माणसांच्या धोतरात शिरला, तिथून आभाळातही थोडा गेला. मला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. मिरचीच्या ढिगाशेजारी उभं राहिलं की डोळ्यांत पाणी येतं आणि अख्खा बाजार असाच ओघळलेला दिसतो.

सरांनी माझा कागद दोन बोटांनी कोपऱ्यात धरला, मेलेला उंदीर शेपटीने उचलतात तसा, आणि वर्गाला दाखवला. "हे बघा. हे चित्र नव्हे. हे पोतेरं आहे."

वर्ग हसला. त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत माझं नाव पोतेरं. सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईला सांगितलं. ती तेव्हा ओटाच सारवत होती. "मंग काय व्हयनं रे भाऊ?" ती म्हणाली, "पोतेरं नही ते घर कसाघाई सारतस? तुना मास्तरले सांग, मना घर ये, दखाडस तुले." पोतेऱ्याशिवाय घर सारवतात का, हे ती मास्तरांना दाखवणार होती. मी हसलो नाही. मुलं चिडवत होती याचा राग वेगळा. खरी आग होती ती याची, की मला ते चित्र आवडलं होतं.

पुढे मी ब्रश सोडला नाही, पण पाणी सोडलं. धुळ्यातल्या एका बोर्ड रंगवणाऱ्याकडे काम शिकलो, मग जळगावात स्वतःचं दुकान टाकलं. तेलातला घट्ट रंग, दोरा आणि पट्टी. जिथल्या तिथे राहील तेवढाच रंग वापरायचा, ही माझी पद्धत. धुळ्याला कामासाठी जाणं व्हायचं, तेव्हा त्या हायस्कुलाच्या रस्त्याने मी मुद्दाम जायचो. सर कधीतरी समोर येतील, आणि मी त्यांना माझा एखादा बोर्ड दाखवीन. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. ते कधी भेटले नाहीत.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. उन्हाळा होता, लगीनसराई. नशिराबादच्या पुढे हायवे सोडून आत एक गाव आहे, तिथले एक केळीवाले शेतकरी दुकानात आले. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या मुलीचं लग्न होतं.

"घराच्या भितीवर चित्रं पाहिजेत," नाना म्हणाले. "दोन हत्ती, भालदार-चोपदार, केळीचे खांब. मधी नवरा-नवरीचं नाव."

भिंतीवर हत्ती काढणारे पेंटर वेगळे. चुन्याच्या बादल्या घेऊन गावोगाव फिरणारे. मी स्वतःला त्यांच्यात धरत नव्हतो. मी नाही म्हणायच्या तयारीत होतो, तेवढ्यात नाना म्हणाले, "भाऊ, साधंसुधं काम नको. नवरदेव बोदवडचा हाये, अन् त्याचे मामा ड्रॉईंग मास्तर. धुळ्याच्या हायस्कुलात त्यांचा जलम गेला. त्ये नावं ठेवतील असं काही नको."

मी विचारलं, "कोणतं हायस्कूल?"

त्यांनी सांगितलं ते माझंच. सरांचं नाव विचारलं, तेही तेच.

मी काम घेतलं. लगेच हो म्हटलं नाही, नाहीतर नानांनी ओळखलं असतं की मला गरज आहे. नाक मुरडलं, वेळ नाही म्हणालो, मग अटी घातल्या. भिंत मी निवडणार. काम चालू असताना कोणी हात लावायचा नाही. आणि खाली कोपऱ्यात माझं नाव, वाचता येईल एवढं मोठं. नानांनी नावावर जरा कुरकुर केली, मी उठून रंगाचे डबे आवरायला लागलो, मग ते कबूल झाले.

गावात गेलो तर त्यांनी दरवाजाशेजारची, ओट्यावरची भिंत दाखवली. लहानशी. तिच्यापुढे मांडवाचा कपडा येणार होता. वऱ्हाडाच्या गाडीतून उतरलेला माणूस ती बघणार तरी कशी? घराची दुसरी बाजू मात्र थेट रस्त्याकडे होती. लांबच लांब, उंच, लग्नासाठी नुकताच चुना मारलेली, लखलखीत. बोदवडची गाडी येऊन थांबणार ती तिच्यासमोरच.

"ही पाहिजे," मी म्हणालो.

नानांच्या बायकोला मी अक्का म्हणायचो. त्या हातातलं सूप खाली ठेवून बाहेर आल्या. "ती नको भाऊ. तिले राहू द्या."

"का?"

"चांगली नाही ती भीत," नाना म्हणाले.

माझा सगळा जन्म घासाघिशीत गेलेला. हा माल चांगला नाही असं विकणारा म्हणतो तेव्हा त्याला तो स्वतःसाठी ठेवायचा असतो. मला वाटलं, मोठ्या भिंतीचं मी मोठं मागीन या भीतीने ही दोघं लहान भिंत गळ्यात मारताहेत. मग मी सोडतो थोडाच. आधीच ठरलंय, भिंत माझ्या पसंतीची. नाना समजावत राहिले, मी त्यांचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही. शेवटी त्यांनी हात जोडले. "घ्या बापा. तुमची भीत, तुमचं नशीब."

सौदा जिंकल्यासारखा मी खूश झालो. त्याच दिवशी चुन्याचा आणखी एक हात दिला, दोरा मारून चौकटी पाडल्या, आणि एका टोकाला भालदार पट्टीने आखून रंगवूनही टाकला. ताठ उभा, दोन्ही मिशा सारख्या.

सकाळी येऊन बघतो तर भिंतीला डाग पडलेले. तपकिरी, गंजासारखे. एक तर बैलाएवढा, बरोबर नावं यायची तिथे. बाजूला लहान-मोठे, काही खाली ओघळलेले. मला आधी वाटलं कोणीतरी रात्रीतून काहीतरी ओतलं. मी आरडाओरडा केला. अक्का बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून डागांकडे बघत म्हणाल्या, "आले का वरते?"

"काय आहे हे?"

"केळीचा चीक. ट्रक येईलोक घड याच भितीले लावून ठेवतो आम्ही. वरसानुवरसं. चुना ओला हाये तवर डाग लपतो, चुना सुकला का वरते येतो. जितका चुना द्यान, तितका काळा होईन."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"घ्या! सांगलं नाही म्हणतात. तुम्ही आयकता कुठं? तुमचं आपलं मोठी भीत, मोठी भीत!"

आमच्या शिंदखेड्याकडे केळी म्हणजे सत्यनारायणाला चौरंगाला बांधायचे खांब. इतकी वर्षं जळगावात राहून केळीचा डाग कपड्यावरून जात नाही एवढं मला ठाऊक होतं. तो भिंतीत मुरून बसतो आणि चुन्याला पुरून उरतो, हे ठाऊक नव्हतं. तरी मी ऐकलं नाही. घट्ट चुना कालवला, डागांवर दोनदा थापला, ऊन चढेपर्यंत वाट पाहिली. दुपारी डाग परत आले, आणि अक्का म्हणाल्या होत्या तसे आणखी काळे. ओट्यावरच्या भिंतीकडे जावं तर तिथे मांडवाचे बांबू रोवून झाले होते, आणि आचाऱ्याने चूलही मांडली होती.

मी ब्रश बादलीत फेकला. "मी चाललो," म्हणालो. "या भिंतीवर कोणीही काम करू शकणार नाही."

नाना चिडले नाहीत, हे जास्त झोंबलं. "जा बापा," ते म्हणाले. "पण बोदवडची मंडळी आली का मी त्यांच्या मामाले काय दाखवू? हे डाग?"

आता नाना दाखवणार ते नुसते डाग, आणि ते ज्याने केले म्हणून सांगणार तो जळगावचा पेंटर, म्हणजे मी. मला गाव सोडता येईना आणि भिंतीकडे बघवेना. मांडवाखाली गहू निवडत बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. अक्का त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मी म्हणते भाऊ, कायले पुसता? त्या मोठ्या डागाले त्या ओघळाकडून शेपूट काढा. मले तं तो हत्तीच दिसतो."

बायका हसल्या. माझा पारा चढला. "ती बाजू शेपटाची नाही, सोंडेची आहे!" मी ओरडलो.

मग अक्का शांतपणे म्हणाल्या, "मंग सोंड काढा."

मी बोलून बसलो होतो. डाग होताच तसा. डावीकडे मागचा गोल पुठ्ठा, मधे खोलगट पाठ, उजवीकडे ओघळ खाली गेलेला आणि टोकाला जरा वळलेला. कोणीतरी बसलेला हत्ती भिंतीच्या आत ठेवून वरून चुना मारल्यासारखा. मी तावातावाने काजळी कालवली आणि एक डोळा काढला, फक्त त्या बायकांना दाखवायला की सोंडेची बाजू कोणती. डोळा काढल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला. मग कान काढणं आलंच.

दोरा मारायचा प्रश्नच नव्हता. चुना जागोजागी ओला होता, रेघ धरत नव्हता. डिंकाच्या पाण्यातला रंग लावावा तर तो पसरायचा. आधी मी पसरलेलं पुसत होतो, मग पुसायचं सोडलं, कारण पुसल्यावर जास्त पसरत होतं. पायाजवळून काळा रंग खाली ओघळला, त्याची साखळी केली. पाठीवरून गेरू सांडला, त्याची झूल झाली. ब्रशने ओली झूल उचलली जात होती म्हणून बोटांनी ठिपके दिले. धुळ्यानंतर पहिल्यांदा माझं बोट रंगात गेलं होतं. एक डाग फारच लहान होता, त्याचं पिल्लू झालं. एक नुसताच उभा ओघळ होता, तो केळीचा खांब झाला. त्यासाठी मला फक्त वर पानं जोडावी लागली. नवरा-नवरीची नावं हत्तीच्या डोक्यावर, कोरड्या जागेत लिहिली. एका डागाचं काही केल्या काही होईना. तो तसाच सोडला. लोक नंतर त्याला ढग म्हणाले, कोणी म्हणालं डोंगर. मी कोणालाही नाही म्हटलं नाही.

त्या दुपारी मी कोणाशीही भांडलो नाही. हे मला संध्याकाळी लक्षात आलं, जेव्हा अक्कांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणून समोर ठेवला आणि "हात धुवा" म्हणाल्या. कोपरापर्यंत रंग होता. शर्ट गेला होता. दुकानात मी उठता-बसता हात पुसायचो. इथे दिवसभर फडकं कुठे पडलं होतं तेही माहीत नव्हतं. पोटात भूक होती आणि मनात एक हलकं, रिकामं, बरं वाटणारं काहीतरी होतं. आणखी एक गोष्ट. सर हे बघणार आहेत, हे मी पूर्ण विसरून गेलो होतो. भाकरीचा पहिला तुकडा मोडताना आठवलं आणि तो तुकडा परत ठेवला. कारण समोर होतं ते त्यांच्या भाषेत शंभर टक्के काय होतं, हे मला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी हळद. मला भिंतीच्या चारी बाजूंनी सरळ किनार हवी होती, निदान तेवढं तरी नीट दिसावं म्हणून. किनारीची जागा कोरडी होती, तिथे दोरा चालला असता. पण सकाळीच नवरीच्या चुलतबहिणी आणि मैत्रिणी भिंतीशी जमल्या. हातात केळीच्या पानांचे कापलेले देठ. देठ आडवा कापला की आत जाळीदार घरं असतात, मधाच्या पोळ्यासारखी. तो गेरूत बुडवून भिंतीवर दाबला की फूल उमटतं. लग्नाच्या घरी हे ठसे पोरींनी मारायचे, तिथली रीतच तशी.

"हात लावायचा नाही असं ठरलंय," मी म्हणालो.

"नानांशी ठरलं असन," त्यातली एक म्हणाली. "आमच्याशी कुठं ठरलं?"

हाच मुद्दा मी स्वतः कित्येक गिऱ्हाइकांपुढे मांडला होता. "निदान रांगेत मारा," मी म्हणालो, "मी दोरा धरतो."

"तुम्ही तुमचे हत्ती पाहा," अक्का मांडवातून ओरडल्या.

फुलं वर गेली, खाली आली, एकमेकांवर चढली, हत्तीच्या कानावर एक, भालदाराच्या नाकावर एक. कोपऱ्यात मी माझं नाव लिहिलं होतं, सुबक, ठसठशीत. एका पोरीने त्यावर भलं मोठं फूल दाबलं आणि "अगं बाई!" म्हणून पळाली. मी तिच्या मागे चार पावलं धावलो, पण मांडवातल्या सगळ्या बायका एवढ्या हसल्या की मीच थांबलो. पुसावं म्हटलं तर नावही गेलं असतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी पाहिलं तर देठांचा चीकही वर आला होता. प्रत्येक गेरूच्या फुलाभोवती बारीक तपकिरी कडा. अशी कड मला कुठल्या ब्रशने काढता आली नसती. बसलेल्या हत्तीच्या पोटावरही रात्रीतून दोन नवे डाग उमटले होते, तो नदीतून चिखलात लोळून आल्यासारखा दिसत होता. मी काम थांबवलं होतं, भिंतीने थांबवलं नव्हतं. मी हातात ब्रश घेऊन पुढे गेलो, आणि काहीही न करता परत आलो. बोर्डवाल्या माणसाला असं परत येणं सोपं नसतं.

बोदवडची मंडळी दुपारी आली. वाजंत्री, धूळ, पाहुण्यांना उतरवून घ्यायची घाई. सरांना मी गाडीतून उतरतानाच ओळखलं. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती, पण शर्ट तोच, पांढराशुभ्र, आणि बाहीचं बटण लावलेलं. सगळे मांडवाकडे वळले. ते एकटे रस्त्यात उभे राहून भिंत बघू लागले. हात पाठीमागे. जवळ गेले, मागे आले, परत जवळ गेले. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. ठरवलेलं वाक्य तोंडाशी होतं, पण ते स्वच्छ बोर्डासाठी बनवलेलं होतं, या भिंतीपुढे ते लागूच पडत नव्हतं.

"कोणी काढलं हे?" सरांनी विचारलं. नावावर फूल होतं.

"मी."

"डाग आधीचे का नंतरचे?"

"आधीचे. नंतरचेही येताहेत अजून."

ते वळून माझ्याकडे बघायला लागले. मी केळीच्या चिकाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग बसलेल्या हत्तीकडे बोट केलं. "हा चांगला बसलाय. याला वजन आहे. हे पिल्लू पण ठीक." मग भालदारापाशी थांबले. "हा दुसऱ्या कोणी काढला का?"

"नाही. मीच."

"असं होय," ते म्हणाले. "शिकलात कुठे?"

मी हायस्कुलाचं नाव घेतलं.

"म्हणजे माझ्याकडे?" त्यांनी चष्मा वर केला. "आठवत नाही हो."

"मला आठवतं," मी म्हणालो. आणि मग थांबलो नाही. मिरचीचा बाजार, ओघळलेला रंग, दोन बोटांत धरलेला कागद, सगळं सांगितलं. दहावीपर्यंत मला काय म्हणून हाक मारत होते तेही सांगितलं. वाजंत्री बंद झाली होती, त्यामुळे माझा आवाज जरा जास्तच मोठा ऐकू येत होता.

सरांनी सगळं ऐकलं आणि ते हसले. "पोतेरं? अहो, ते तर मी सगळ्यांनाच म्हणायचो! दर वर्षी, दर वर्गात, एक-दोघांना तरी."

मला काय वाटलं ते कसं सांगू? एवढी वर्षं जो माल मी एकट्याचा म्हणून जपून ठेवला होता, तो ठोकातला निघाला. अशी किती पोरं आज शिंदखेड्याला, साक्रीला, शिरपूरला आपापलं पोतेरं घेऊन बसली असतील! माझं डोकं फिरलं. "सगळ्यांना म्हणायचात म्हणजे ते जास्त वाईट झालं, सर. कमी नाही झालं."

त्यांचं हसू गेलं. "हो," म्हणाले. "तसं असेल."

एवढ्यावर मी सोडणारा नव्हतो. "मग एवढं म्हणा, की ते चित्र चांगलं होतं."

"आठवतच नाही तर कसं म्हणू?"

"मी सांगितलं ना कसं होतं ते."

"तुम्ही सांगितलेलं चांगलं आहे. चित्र मी पाहिल्याचं आठवत नाही." ते मास्तरच होते शेवटी. न बघता गुण द्यायला तयार नव्हते. "हे चांगलं आहे, एवढं म्हणतो."

"हे चांगलं आहे ते मला माहीत आहे," मी म्हणालो.

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. त्यांना आणखी वर यायचं नव्हतं, मला खाली यायचं नव्हतं. असा अडलेला सौदा मी दुकानात शेकड्यांनी पाहिला आहे, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नसतं. दोघांनाही माल ओळखता येतो एवढाच त्याचा अर्थ.

अक्षता पडल्या, मग पंगत बसली. नाना आम्हाला दोघांना हाताला धरून घेऊन गेले. "मामा, हे आमचे जळगावचे पेंटर. भाऊ, हे नवरदेवाचे मामा. बसा, बसा, एकाच ओळीत बसा." दोघांपैकी कोणीच ओळख असल्याचं बोललं नाही. शेजारी शेजारी बसलो.

वरण-बट्टी होती, वांग्याची घोटलेली भाजी होती, वरून तूप. बट्टी चमच्याने खाता येत नाही. ती पानात चुरायची, वरणाचा खड्डा करायचा आणि पाची बोटांनी कालवायची. सरांनी बाहीचं बटण काढलं नाही. तसेच कालवत राहिले, मन लावून, आणि खरं सांगायचं तर छान जेवत होते. दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. वाढप्याने पळी जरा उंचावरून सोडली आणि पिवळा शिंतोडा त्यांच्या बाहीवर उडाला. त्यांनी मनगट उलटसुलट करून बघायचा प्रयत्न केला, पण चष्म्यावर वाफ आली होती.

"डाग पडला का हो?" त्यांनी मला विचारलं.

मी नीट वाकून बघितलं. "नाही, सर," म्हणालो. "काही दिसत नाही."

चांगला ठळक दिसत होता.